चाळिशीनंतर ब्लॅक बेल्ट, तोही गुडघे सांभाळून

अभिनंदन. तुमचं वय बेचाळीस, शुगर बॉर्डरवर, आणि मुलाला कराटे क्लासला सोडल्यावर तासभर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मोबाइल बघण्यापेक्षा आपणच का नाही शिकत, असा विचार तुमच्या डोक्यात आलाय. छान विचार आहे. तो आता कुणाच्या सांगण्यावरून बदलू नका, बायकोच्या तर नाहीच नाही. फक्त आपल्याला कराटे शिकायचंय या गैरसमजात राहू नका. कराटे शिकायला अख्खं आयुष्य पडलंय. आपल्याला काळा बेल्ट पाहिजे, आणि काळ्याच्या पुढे जे काय असतं ते पण पाहिजे, त्यामुळे पहिल्या दिवसापासून सगळं लक्ष कमरेवर ठेवायचं. (आतल्या कमरेवर नाही, ती जशी आहे तशी राहू दे.)

पहिलं काम म्हणजे ड्रेस. क्लासमध्ये जो पातळ, सुटसुटीत, दोन धुण्यात मऊ होणारा मिळतो तो पोरांसाठी असतो. तुम्ही ऑनलाइन सगळ्यात जाड कॅनव्हासचा मागवा, कारण पंच मारल्यावर जो फट्ट आवाज येतो ना तो हातातून येत नाही, बाहीतून येतो, आणि चाळिशीत हाताला वेग आणण्यापेक्षा बाहीला स्टार्च लावणं सोपं. बडोद्याच्या मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीला तो ड्रेस घालून तुम्हाला दहाव्या मिनिटाला गरगरेल, पण त्याने घाबरून जाऊ नका, बाजूला बसायला याच्यापेक्षा सन्माननीय कारण मिळणार नाही.

आता क्लास निवडणं. इथे लोक चुकतात, सर कसे शिकवतात वगैरे बघत बसतात. तुम्ही बोर्ड बघा. मांजलपुरात फरसाणाच्या दुकानाच्या वर एक हॉल, सकाळी तिथे दहावीच्या गणिताच्या ट्यूशन, संध्याकाळी कराटे, आणि बोर्डावर पृथ्वीचा गोळा, गोळ्यावर मूठ, मुठीमागे वाघ, आणि नावात 'इंटरनॅशनल' किंवा 'वर्ल्ड' यापैकी किमान एक शब्द, दोन्ही असतील तर डोळे मिटून फी भरा. सर कितवे दान आहेत (दान म्हणजे ब्लॅक बेल्टपासून पुढे मोजायच्या पायऱ्या) ते बोर्डावरच असतं. सातवे किंवा आठवे असतील. यावर अजिबात प्रश्न विचारू नका, आणि खालचा इतिहास तर क्लासमध्ये चुकूनही काढू नका, मी फक्त तुमच्या माहितीसाठी सांगतोय.

झालं असं, की ओकिनावात लोक पिढ्यानपिढ्या एकमेकांना व्यवस्थित मारत होते आणि कुणाच्याही कमरेला रंगीत काही नव्हतं. दान ही भानगड मुळात 'गो' नावाच्या पटावरच्या खेळातली, ती जुडोवाल्या जिगोरो कानोंनी उचलली आणि १८८३ मध्ये आपल्या दोन शिष्यांना पहिला दान दिला. हिरवा, निळा असले रंग तर जुडो युरोपात गेल्यावर रुळले. मग गिचिन फुनाकोशी नावाचे ओकिनावाचे शाळामास्तर १९२२ मध्ये टोकियोला कराटेचं प्रात्यक्षिक द्यायला गेले, तिथेच राहिले, आणि १९२४ मध्ये त्यांनी कानोंचीच पद्धत घेऊन कराटेतले पहिले ब्लॅक बेल्ट दिले. मास्तर १९५७ ला गेले, तोपर्यंत त्यांनी पाचव्या दानच्या वर कुणाला चढवलं नाही. म्हणजे ज्यांना शोतोकान या कराटेच्या शैलीचे जनक म्हणतात त्यांच्या हाताखाली आपले फरसाणावरचे सर आज असते तर त्यांना दोन-तीन दान परत करावे लागले असते. असो. फोटोला हार घालायचा आणि गप्प बसायचं.

पहिल्या दिवशी तुम्हाला रांगेत सगळ्यात शेवटी उभं करतील, कारण रांग वयाने नाही, बेल्टने लागते. तुमच्या पुढे आठ वर्षांची ग्रीन बेल्ट असेल, समोरचे दोन दात पडलेली, आणि तीच तुम्हाला शिकवायला येणार. पाय पुढे टाकून गुडघा वाकवायचा, मागचा पाय ताठ, याला झेनकुत्सु-दाची म्हणतात, त्यात तुम्ही अर्धे खाली गेलात की ती तुमच्या मागच्या गुडघ्याला बोट लावून म्हणेल, "अंकल, पाछळनो पग सीधो राखो ने!" तुम्ही "ओस" म्हणायचं, म्हणजे कराटेतलं 'हो जी'. घरी मुलाला गणित शिकवताना हे आठवून राग काढू नका, तो तुमच्या पुढे दोन रांगा उभा आहे आणि त्याने सगळं बघितलंय.

खरी कसोटी किबा-दाचीला. घोड्यावर बसल्यासारखं बसायचं पण घोडा नाही, आणि सर मोजणार इच, नी, सान, आणि मध्येच कुणाला तरी ओरडायला जाणार, परत येऊन पुन्हा इचपासून. अशा वेळी उपाय एकच, बेल्ट. बेल्ट सुटला की तो नीट बांधणं हा शिस्तीचा भाग आहे, तोंड मागे फिरवायचं, एक गुडघा टेकवायचा, मग मधला भाग बेंबीवर ठेवून दोन्ही टोकं पाठीमागून फिरवून आणायची, एक टोक दोन्ही थरांखालून वर काढायचं, गाठ मारायची, टोकं समोर धरून बघायचं सारखी आली का. नाही आली, तर सोडून परत. नवा बेल्ट ताठ असतो, त्याची गाठ आपोआप सुटते, म्हणून तो कधीही धुवून मऊ करू नका. नीट मन लावलं तर अख्खं किबा-दाची एका गुडघ्यावर बसून निघून जातं आणि सर वर म्हणतात, बघा अंकलची शिस्त.

काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली, पाठ करणं मात्र टाळता येत नाही. हेइआन शोदान, एकवीस हालचाली, दोन ठिकाणी ओरडायचं, आणि जिथून सुरू केलं तिथेच येऊन संपवायचं. तुम्ही वॉटर कूलरजवळ संपवाल. मन खट्टू होईल तेव्हा हे आठवा की हा काता ओकिनावाच्या इतोसू मास्तरांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला शाळेतल्या पोरांसाठी बसवलेला आहे, म्हणजे सोपा करून दिलेला आहे. आठवून बरं वाटलं नाही तर नका आठवू. आणि ते ओरडणं, किआई, त्याची प्रॅक्टिस घरी करू नका. वरच्या मजल्यावरच्या काकू जिना उतरून विचारायला येतात, आणि पांढरपेशा मराठी माणसाची पहिली किआई तशीही शिंक दाबल्यासारखीच निघते.

ग्रेडिंगची, म्हणजे पुढच्या बेल्टच्या परीक्षेची, चिंता करू नका. लहान पोरं नापास होतात कधीकधी, कारण ती पुढच्या वेळी परत येणार हे सरांना माहीत असतं. मोठा माणूस नापास झाला तर स्वतःबरोबर मुलालाही काढून घेतो, म्हणजे दोन फिया, हे पण सरांना माहीत असतं. तुम्ही फक्त ग्रेडिंगच्या दिवशी हजर राहा. बाकी हजेरीचं काय, गणपतीत दहा दिवस जातात, लगेच पितृपक्षात नवीन काही सुरू करत नाहीत, मग नवरात्र. नवरात्रात बडोद्यात कुणी कराटे करत नाही. जे गुडघे किबा-दाचीत वीस सेकंदात चरचर बोलायला लागतात तेच रात्री मैदानात नऊला उतरून बारापर्यंत गरबा खेळतात, नऊच्या नऊ रात्री, आणि सकाळी ऑर्थोपेडिककडे तक्रार कराटेच्या नावावर लागते. त्यानंतर दिवाळी, मग लग्नं, मग उत्तरायणात मांजाने कापलेली बोटं. मूठच वळत नाही हो, पंच कसला मारता.

ब्राऊन बेल्टला जरा जपून. त्यात तीन पायऱ्या असतात, आणि इथे कुमिते म्हणजे समोर खरा माणूस उभा राहतो. कॉलेजातली पोरं निवडू नका, ती "सॉरी अंकल" आधी म्हणतात आणि किक नंतर मारतात. याच टप्प्यावर एक चांगली दुखापत मिळवून ठेवा. लिगामेंट सगळ्यात बेस्ट, दिसत नाही, एमआरआय दाखवता येतो, आणि पुढची दहा वर्षं "माझं लिगामेंट आहे ना" एवढं म्हटलं की चर्चा संपते.

सासरे दांडिया बाजारातले असतील तर मात्र कठीण आहे. ते तरुणपणी जुम्मादादांच्या व्यायाम मंदिरात गेलेले असतात. ते १८८० पासूनचं, माणिकरावांनी नावारूपाला आणलेलं, आणि तिथे मल्लखांब, लाठी, जोर-बैठका असं सगळं करून माणूस घरी जायचा तो कमरेला काहीही न बांधता. असे सासरे तुमचं सर्टिफिकेट चष्मा वर करून वाचतील, परत देतील आणि म्हणतील, "जावईबापू, जोर किती मारता?" लिगामेंट दाखवा.

आणि एका बाईंपासून लांब राहा. प्रत्येक क्लासमध्ये एक असते. पन्नाशीची, बँकेतून थेट येते, डबा खिडकीत ठेवते, आणि कोपऱ्यात उभी राहून तेच ते गेदान-बराई, म्हणजे खालचा वार अडवायची हालचाल, तोच पाय, तोच हात, पुन्हा पुन्हा. दोन वर्षं ग्रीनच आहे, ग्रेडिंगचा फॉर्म आला की पुढे सरकवते. तिचा ड्रेस साधा, मऊ, त्यामुळे बाहीचा आवाज येत नाही, पाऊल टाकते त्याचाही येत नाही, फक्त तिच्या समोर पार्टनर म्हणून उभं राहिलेला माणूस एकदम दोन पावलं मागे गेलेला दिसतो आणि त्याला का ते कळत नाही. ही बाई संसर्गजन्य आहे. तिच्या शेजारी आठवडाभर उभं राहिलात तर तुम्हाला बेल्टची गाठ सुटलेली पण कळेनाशी होईल, आणि मग आपला सगळा प्लॅन बोंबलला.

ब्लॅक बेल्ट मिळाला की पुढचं गणित बघा. बऱ्याच जुन्या संस्थांमध्ये पहिल्यावरून दुसऱ्या दानला साधारण दोन वर्षं, मग तिसऱ्याला तीन, मग चार, असं वाढत जातं. या वेगाने पाचव्याला पोचेपर्यंत तुम्ही साठीच्या घरात. इतका वेळ कुणाकडे आहे? त्यापेक्षा संस्था बदला, नव्या ठिकाणी एक दान जॉइनिंगला मिळतो. तेही जमत नसेल तर आपलीच काढा. अध्यक्ष तुम्ही, सेक्रेटरी बायको, खजिनदार साडू, नावात 'वर्ल्ड' विसरू नका, साडूने तुम्हाला सहावा दान द्यायचा आणि तुम्ही साडूला पाचवा, म्हणजे घरात मान पण राहतो. कुणी ऑलिंपिकचं विचारलं तर सांगा, टोकियोत होतं कराटे, पॅरिसला काढून टाकलं, राजकारण हो सगळं. आणि एक सुस्कारा.

सत्कार गाजवायला कौलं फोडावीच लागतील. मंगलोरी कौलं घ्या, आठ दिवस गच्चीवर कडक उन्हात वाळवा, आणि रचताना प्रत्येक दोनच्या मध्ये पेन्सिल ठेवा, फट असली की वरचं कौल फुटून खालच्यावर आदळतं आणि तुमचं अर्धं काम तेच करून टाकतं. शाल, श्रीफळ, नगरसेवक आधी उरकून घ्या. फोटोग्राफरला स्पष्ट सांगून ठेवा की फोटो हात वर असतानाचाच काढायचा, हात खाली आल्यावर तोंडाचं जे होतं ते नंतर कुठल्याच ॲपमध्ये नीट करता येत नाही.