किंग गिझर्डच्या ‘गुप्त अल्बम’चा मेसेज फिरतोय, तो खोटा आहे

मुंबईतल्या जवळपास प्रत्येक रॉकवाल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा मेसेज पडलाय, आणि आता डोंबिवलीच्या माझ्या भाच्याने त्यातल्या लिंकवर 299 रुपये भरून टाकले, म्हणून लिहितोय. मेसेज थोडक्यात असा: ऑस्ट्रेलियाच्या किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड बँडला स्पॉटिफायने हाकललं, मग ते ‘किंग लिझर्ड विझर्ड’ नावाने गुपचूप परत आले, गाणी तशीही एआयच बनवतं, ड्रमर गेल्यापासून बँड मोडल्यात जमा आहे, अल्बम तर ते फुकटच वाटतात, आणि येणारा अल्बम सगळ्यांच्या आधी हवा असेल तर युपीआय करा.

हाकललं वगैरे काही नाही. जुलै 2025 मध्ये बँडने स्वतःच्या इन्स्टाग्रामवर सांगितलं की आम्ही आमचं म्युझिक स्पॉटिफायवरून काढतोय, आणि कारणही तिथेच दिलं: स्पॉटिफायचा संस्थापक डॅनियल एक (‘एक’ हे त्याचं आडनाव) लष्करी एआय ड्रोनच्या धंद्यात पैसे घालतो. हेल्सिंग नावाची जर्मन कंपनी आहे, तिच्यात. डिअरहूफ या अमेरिकन बँडने तर महिनाभर आधीच हेच केलं होतं. ती पोस्ट अजून कोणीही जाऊन वाचू शकतं, पण फॉरवर्ड करणार्‍या एकालाही ते सुचलं नाही.

आता ते ‘गुपचूप परत आले’ प्रकरण, ज्याने माझं डोकं फिरलंय. किंग लिझर्ड विझर्ड म्हणजे हा बँड नव्हेच. 2025 च्या शेवटी स्पॉटिफायवर त्या नावाचं अकाउंट सापडलं, गाण्यांची नावं किंग गिझर्डचीच, शब्द त्यांचेच, आणि आवाज-वाद्यं एआयने बनवलेली नक्कल. बातम्या आल्यावर स्पॉटिफायने ते काढून टाकलं. म्हणजे बघा, ज्यांनी एआयच्या शस्त्रांमध्ये पैसा जातो म्हणून आपली गाणी काढून घेतली, त्यांच्याच रिकाम्या जागेवर कोणीतरी एआयने त्यांचंच सोंग आणून बसवलं, आणि आपले लोक तेच ‘सिक्रेट कमबॅक’ म्हणून एकमेकांना पाठवतायत! बँडवर यापेक्षा मोठा अन्याय कुठला? ज्या पोराने त्यांना आधी कधी ऐकलेलंच नाही तो हे ऐकून म्हणणार की बरं, असा असतो होय किंग गिझर्ड.

एआय गाणी बनवतं हा आरोप त्यांच्या वेगामुळे येतो. 2017 या एका वर्षात पाच अल्बम, हे खरंय. पण तेव्हा एआयला म्हटलं आणि गाणं मिळालं असलं काही नव्हतंच. त्यातला ‘फ्लाइंग मायक्रोटोनल बनाना’ ऐका, त्यासाठी त्यांनी नेहमीच्या पडद्यांच्या मधे जादा पडदे बसवलेल्या गिटारी वापरल्या, दोन सुरांच्या मधला सूर हवा होता म्हणून. ज्याच्या घरात कोणी गाणं शिकलंय त्याला कळेल, पेटीच्या पट्टीत न बसणारा सूर लावायला काय मेहनत लागते.

फुकटचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, तेवढं मान्य करतो. ‘पॉलिगोंडवानालँड’ त्यांनी नोव्हेंबर 2017 मध्ये फुकट वाटला, वर मास्टर फाइल्स, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगही दिलं की ज्याला रेकॉर्ड छापायची त्याने खुशाल छापा. स्पॉटिफाय सोडल्यावर बँडकॅम्प या गाणी विकायच्या साइटवरही ‘वाटेल ती किंमत द्या’ केलं. पण मग हा बँड कुठल्यातरी अनोळखी युपीआय आयडीवर 299 रुपये कशाला मागेल? पैसे गेले असतील त्यांनी लगेच 1930 वर फोन करा, सायबर फसवणुकीची ती सरकारी हेल्पलाइन आहे, आणि जितका उशीर तितकं पैसे अडवणं कठीण. ग्रुप अ‍ॅडमिननी मेसेज आजच डिलीट करा, ‘मला पुढून आला’ हे उत्तर चालणार नाही, पोरांचे पॉकेटमनीचे पैसे जातायत.

राहिला ड्रमर. एरिक मूर 2020 मध्येच बाहेर पडला, जुनी बातमी आहे. तेव्हा बँडमध्ये ड्रमर दोन होते, मायकल कॅव्हानाह अजून आहे. बाकीच्या सहा जणांनी त्यानंतर 2022 च्या एकट्या ऑक्टोबरमध्ये तीन अल्बम काढले, आणि जून 2025 मध्ये ऑर्केस्ट्रा घेऊन ‘फँटम आयलंड’ केला, तो सत्ताविसावा.