अकरा दिवस ५८ अंश

रविवारी सकाळी ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी, म्हणजे तलावपाळीला, गडकरी रंगायतनच्या बाजूच्या कट्ट्यावर आम्ही चौघेपाच जण जमतो, त्याला आता बावीस वर्षे झाली. गेल्या रविवारी अण्णा चौदा महिन्यांनंतर प्रथमच घरून चालत तेथे आला. नौपाड्यातून तलावपाळी ती किती लांब, पण मागच्या वर्षीच्या जुलैत घोडबंदर रस्त्यावर भर पावसात स्कूटर घसरून मागच्या टेम्पोची धडक बसली तेव्हापासून तेवढेच अंतर त्याला गावाएवढे लांब झाले होते. उजव्या मांडीचे हाड गुडघ्याच्या वर दोन ठिकाणी मोडले, खुब्याला तडा गेला, हाडात सळई बसवावी लागली आणि साडेतीन महिने तो अंथरुणाला खिळून होता.

तो काठी टेकवून बसला, चहा आला आणि आमच्यातला वकील मोकळ्या मनाने म्हणाला, "अण्णा, ही तुझ्या एकट्याच्या जिद्दीची कमाई आहे. दुसऱ्या कोणाचे यात काही नाही." त्याला कौतुकच करायचे होते. अण्णाने मात्र मान हलवली आणि शांतपणे म्हणाला, "हे खरे नाही." तेथून वाद सुरू झाला, तो चहाचे दोन फेरे होऊनही मिटला नाही.

वकिलाने आपली बाजू नेहमीच्या तयारीने मांडली. त्याने पहिले उदाहरण ऋषभ पंतचे दिले. ३० डिसेंबर २०२२ रोजी रुरकीजवळ ज्याची गाडी दुभाजकावर आदळून जळून गेली, ज्याच्या गुडघ्यातील स्नायुबंध फाटले, तो २०२४ च्या मार्चमध्ये पुन्हा यष्टींमागे उभा राहिला आणि जूनमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता. ही जिद्द त्याला कोणी उसनी दिली होती का, असे वकिलाने विचारले. दुसरे उदाहरण आपल्या सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचा भाग लुळा पडलेल्या या जवानाने १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. पाण्यात हात मारणारा माणूस एकटाच असतो, असे वकिलाचे म्हणणे होते.

आमच्यातल्या मास्तरांनी त्यावर जे उत्तर दिले ते मला फार महत्त्वाचे वाटते. जळत्या गाडीपासून पंतला दूर नेणारे एका एसटीसारख्या सरकारी बसचे चालक आणि वाहक होते, त्यांची त्याच्याशी ओळखदेखील नव्हती, याची त्यांनी आठवण करून दिली. आणि पेटकर ज्या स्पर्धेत पोहले ती स्पर्धाच मुळात एका रुग्णालयाच्या वॉर्डात जन्माला आली होती. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे १९४४ मध्ये लुडविग गुटमन या डॉक्टरांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग सुरू केला. तोपर्यंत अशा माणसांच्या जगण्याची आशा फारशी कोणी धरत नसे. अंथरुणातील जखमा चिघळून आणि मूत्रमार्गाचा संसर्ग होऊन ती जात असत. गुटमननी रात्रंदिवस दर दोन तासांनी प्रत्येक रुग्णाची कूस बदलण्याची शिस्त लावली, त्यांना कामाला आणि खेळाला लावले आणि २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, चाकांच्या खुर्चीतील सोळा जणांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. पॅरालिम्पिकची परंपरा तेथून सुरू होते. मास्तर म्हणाले, "रात्री दोन वाजता उठून कूस बदलणाऱ्या परिचारिकेचे नाव कोणत्याही पदकावर नसते, पण तिच्यावाचून ते पदकही नसते."

वकील एवढ्याने गप्प बसणारा नव्हता. कूस बदलणे ही शुश्रूषा झाली, नाते नव्हे, असे त्याने बजावले. आणि मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. तेव्हा अण्णाने खिशातून मोबाइल काढला आणि आम्हांला एक छायाचित्र दाखवले.

ते मागच्या वर्षीच्या कालनिर्णयचे नोव्हेंबरचे पान होते. तारखांच्या चौकोनांत, तिथीच्या बारीक अक्षरांखाली, वहिनींच्या हस्ताक्षरात पेन्सिलीने आकडे लिहिले होते: ४१, ४४, ४९, ५३, ५८. गुडघा त्या दिवशी किती अंश वाकला याची ती नोंद होती. त्यापुढे सलग अकरा चौकोनांत ५८ होते. जिना चढायला गुडघा साधारण ८५ ते ९० अंश वाकावा लागतो आणि मांडी घालून जेवायला बसायचे तर १२० च्याही पुढे जावे लागते, हे तेव्हा अण्णाला पाठ झाले होते. दहाव्या दिवशी त्याने फिजिओथेरपिस्टला फोन करून उद्यापासून येऊ नका असे सांगून टाकले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. वहिनी वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी त्या चौकोनात ५८ लिहिले, फिजिओथेरपिस्टला परत फोन करून 'या' म्हणून सांगितले आणि मास्तरांना कळवले. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मास्तर दर गुरुवारी पाच वाजता वर्तमानपत्रातील शब्दकोडे घेऊन जात असत, तसेच त्या दिवशीही गेले, पायाबद्दल चकार शब्द काढला नाही आणि निघताना म्हणाले, "आडवे चौदा माझ्याच्याने होत नाही. पुढच्या गुरुवारपर्यंत सोडवून ठेव."

"त्या दिवशी जिद्द माझ्यापाशी नव्हती," अण्णा म्हणाला. "ती हिच्यापाशी होती, मास्तरांपाशी होती. मला ती नंतर मिळाली." पुढच्या चौकोनात ६० होते.

वकील थोडा वेळ त्या पानाकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, तरी गुडघा मास्तरांनी वाकवला नाही, कळ तुलाच सोसावी लागली. हे अण्णाने लगेच मान्य केले. मलाही ते मान्य आहे. वेदनेत कोणी वाटेकरी होत नाही, आणि होता येते असे जे म्हणतात त्यांनी ती पाहिलेली नसते.

मास्तरांची सून फिजिओथेरपिस्ट आहे आणि फेरफटका मारून ती तेवढ्यात आमच्यात येऊन बसली होती. तिने वादाला वेगळेच वळण दिले. ती म्हणाली, "काका, आम्ही रुग्णाकडे पाऊण तास असतो. उरलेले सव्वातेवीस तास घर असते. पण सगळीच माणसे धरून आणतात असे नाही, काही माणसे मायेने पाडतात." अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या मांडीचा स्नायू काही दिवसांतच झिजू लागतो, आणि नेमके तेव्हाच घरातील माणसे त्याला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाहीत, हे ती रोज पाहते. अण्णाची थोरली बहीण अशीच पंधरा दिवस येऊन राहिली होती. तिने त्याला हाताने भरवले, कुशीत घेऊन रडली, आणि त्या पंधरा दिवसांत वॉकर कोपऱ्यात पडून राहिला. बहीण गेल्यावर वहिनींनी चहाचा कप पलंगाशेजारी ठेवणे बंद करून सहा पावलांवरच्या टेबलावर ठेवायला सुरुवात केली. शेजारच्या बायकांनी त्यांना कठोर ठरवले. त्या सहा पावलांसाठी अण्णाला पहिल्या दिवशी सात मिनिटे लागली होती आणि चहावर साय धरली होती.

येथे मला माझेही सांगणे भाग पडले. अपघातानंतर पहिल्या आठवड्यात मी शहाळी घेऊन रुग्णालयात गेलो होतो आणि निघताना "काही लागले तर सांग" असे म्हणालो होतो. त्यानंतर तीन महिने मी फिरकलो नाही. अण्णाने सांगितले नाही, म्हणून काही लागले नसावे, अशी मी स्वतःची समजूत घातली. ज्याला कुशीवर वळायलाही मदत मागावी लागते त्याच्यावर आणखी एक मागणे मी ढकलून आलो होतो, हे माझ्या लक्षात यायला मास्तरांचा गुरुवार कळावा लागला. पहिल्या आठवड्यात खोलीत उभे राहायला जागा नव्हती. नोव्हेंबरात दारावरची बेल फक्त मास्तर वाजवत होते. अण्णा म्हणाला, "तू आलास ते मला आठवते आहे." त्याने पुढचे काढले नाही.

मग वकिलाने खरा कठीण प्रश्न विचारला, आणि तो त्याने वाद जिंकण्यासाठी विचारला असे मला वाटत नाही. त्यांच्या सोसायटीचा रखवालदार दोन वर्षांपूर्वी शिडीवरून पडला, खोलीवर एकटाच होता, प्लास्टर घातलेल्या पायाने कोणीतरी त्याला गावच्या गाडीत बसवून दिले आणि पुढे त्याचे काय झाले ते कोणालाच माहीत नाही. "माणसांवर सगळे अवलंबून असेल तर ज्याला माणसेच नाहीत त्याने काय करायचे? त्याला निदान जिद्द तरी आहे म्हणू द्या."

मास्तरांनी नसीमा हुरजूक यांचे नाव घेतले. ऐन तारुण्यात कमरेखाली पक्षाघात झालेल्या या कोल्हापूरच्या मुलीला बाबूकाका दिवाण भेटले, जे स्वतः तशाच अवस्थेत असून आपली गाडी आपण चालवत होते. ते रक्ताचे नव्हते, नात्याचे नव्हते. त्या भेटीनंतर उभ्या राहिलेल्या नसीमादीदींनी १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली आणि आपल्यासारख्या कितीतरी जणांना माणसे मिळवून दिली. सुनेनेही सांगितले की शेजारच्या खाटेवरचा माणूस पहिल्यांदा उभा राहिलेला पाहून रुग्ण जे शिकतो ते तिला तोंडाने शिकवता येत नाही.

"पण रखवालदाराच्या खोलीवर यातले कोणी गेले नाही," वकील म्हणाला. "मीसुद्धा गेलो नाही. त्याची खोली माझ्या खिडकीतून दिसत होती." यावर कोणापाशीही उत्तर नव्हते आणि कोणी ते शोधण्याचा आव आणला नाही.

साडेनऊला अण्णा उठला. रविवारी दहाला वहिनींचा गाण्याचा क्लास असतो. अपघातानंतर सुटलेला तो क्लास त्यांनी जूनपासून पुन्हा धरला आहे, आणि त्या वेळेत भाजी निवडून कुकर लावायचे काम आता अण्णाकडे आहे. साडेतीन महिने त्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपत होत्या, आणि त्या काळात त्यांना 'तुम्ही जेवलात का' असे विचारणारे कोणी नव्हते, हे त्याने काठी हातात घेता घेता सांगितले. वकील त्याच्याबरोबर निघाला. फुटपाथच्या उंच कडेपाशी त्याचा हात आपोआप पुढे गेला, मग त्याने तो मागे घेतला आणि अण्णा खाली उतरेपर्यंत शेजारी थांबून राहिला.