ठासणीची बंदूक आणि आमच्या ग्रुपवरची डुकरं

गेल्या पावसात भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुलतभावाने कोकणातून भाताचा फोटो टाकला, डुकरांनी एका रात्रीत लोळवलेला, आणि खाली लगेच दोन तट पडले. एक म्हणे सरकारने शेतकऱ्याला सरळ बंदूक द्यावी, दुसरे (यातले बरेचसे पुण्या-मुंबईतले) म्हणे जंगलं आपणच खाल्ली, जनावरांनी जायचं कुठे. मग कुणीतरी मला ओढलं, "तुमच्या अमेरिकेत बरंय, बंदूक घ्या आणि मारा." तेव्हा माझ्या गॅरेजात खरोखरच एक अर्धवट बंदूक पडलेली होती, त्यामुळे मी गप्प बसलो.

बंदूक ठासणीची. कोकणात शेती संरक्षणाच्या परवान्यावर जुन्या घरांमधून असते त्याच जातीची, तोंडातून दारू घालायची, मग कापडात गुंडाळलेली शिशाची गोळी, गजाने ठासायची, आणि एक बार काढला की पुन्हा पहिल्यापासून. माझी चकमकीची आहे, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटणारी, .५० कॅलिबर (नळीचं भोक अर्ध्या इंचाचं), किटमधून जोडलेली. नळी आटे पाडून तयार आलेली, मेपलचा दस्ता मशीनवर कोरलेला, फक्त सगळं 'जवळजवळ' बसत होतं, आणि त्या जवळजवळमध्ये माझे चार महिने गेले. नळीला खालून काळा रंग लावायचा, दस्त्यात दाबायची, उचलायची, लाकडावर जिथे काळं उठलं तेवढंच पटाशीने तासायचं, परत दाबायची. असं शंभरदा. चापाच्या कडीची खाच एका रविवारी घाईत खोल मारली, मग त्याच लाकडाची चकती चिकटवून ती भरली, आजही बोट फिरवलं की कळतं. नळीला मुद्दाम गंज चढवायचा आणि घासायचा, पुन्हा चढवायचा, तेव्हा कुठे तो तपकिरी रंग येतो. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवायच्या नाहीत, आपोआप पेटतात, हे मात्र आधीच वाचलेलं म्हणून गॅरेज वाचलं.

आणि हे सगळं घरपोच आलं. १९६८ च्या इथल्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंतची बंदूक आणि तशीच ठासणीची नवी नक्कल ही 'फायरआर्म' धरलीच जात नाही, राज्यांचे नियम वेगवेगळे असतील ते असोत. डिलिव्हरीवाला खोका दारात ठेवून निघूनही गेला, मला ना कुणी ओळखपत्र विचारलं ना सही. खरं सांगतो, मला ते आवडलं नाही. ही हरिण मारणारी वस्तू आहे, माणूसही मारेल. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा, बंदूक बनवायलाच लायसन लागतं, आणि रात्रीच्या शिकारीत गावठी बंदुकीने आपलाच सोबती जनावर समजून मारल्याच्या बातम्या आपण वाचतोच की. त्यामुळे 'तिकडच्यासारखी बंदूक द्या' म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही.

पण दुसऱ्या तटातही मला बसता येत नाही, कारण इथे बंदूक सैल असली तरी हरिण सैल नाही. मी पेनसिल्व्हेनियात राहतो. इथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हरणं जवळपास संपली होती, १८९५ मध्ये गेम कमिशन, म्हणजे शिकार आणि वन्यप्राणी बघणारं राज्याचं खातं, स्थापन झालं, बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली, आणि आज एवढी आहेत की शेतकरी वैतागतात. म्हणून दरवर्षी कुठल्या विभागात किती माद्यांचे परवाने द्यायचे याचा आकडा ठरतो आणि तेवढेच सुटतात. पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला आधी कोर्स करायला लागतो, मारलेल्या जनावराला टॅग लावायचा, मग कळवायचं. चकमकीच्या बंदुकीला डिसेंबरअखेरीस वेगळा सीझन, कारण ही बंदूक सावकाश चालते. परवान्याचे पैसे कमिशनकडेच जातात, वर लांब बंदुकांवर आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर आहे, १९३७ च्या कायद्याने त्यातून राज्यांना वन्यजीवांसाठी निधी मिळतो. म्हणजे हरणं मोजायचा खर्च मारणाऱ्याच्या खिशातून.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम ११ आहे, पहिल्या अनुसूचीतले (सगळ्यात कडक संरक्षण असलेले) सोडून उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या प्राण्याला मारायची लेखी परवानगी देता येते. कागदावर उत्तम. पण परवानगी येईस्तोवर पीक उभं राहतं का? आणि मुळात त्या तालुक्यात डुकरं किती आहेत हे सांगणारं कुणी आमच्या ग्रुपवर तरी भेटलं नाही, दोन्ही तटांत मिळून नाही. २०१६ मध्ये बिहारात नीलगायी मारल्या तेव्हा प्रकाश जावडेकर आणि मनेका गांधी, एकाच सरकारातले दोन मंत्री, जाहीर भांडले, तेव्हाही वाद 'मारावं की मारू नये' इथेच अडकला, किती आणि कधी इथवर आलाच नाही. मला विचाराल तर इथून उचलायचा तो हा आकडा, बंदूक नव्हे.

आता ग्रुपवर सगळ्यांना जे ऐकायचंय ते. हो, शिकारीला गेलो होतो. गुडघाभर बर्फ, सकाळपासून एका झाडाला पाठ लावून बसलो, दुपारी एक मादी चाळीस पावलांवर आली. घोडा ओढला, चाप दाबला, चकमक झडली, रंजक (बाहेरच्या वाटीतली चिमूटभर दारू) भस्सकन पेटली आणि आत काहीच नाही, कान, म्हणजे तो जाळ नळीत पोचवणारं बारीक भोक, दारूच्या काजळीने बुजलेला. फुसका बार आपण रोज म्हणतो, मी तो तिथे प्रत्यक्ष पाहिला. मादीने धुराकडे बघितलं, शेपटी वर केली आणि गेली. मी नळी तशीच समोर धरून मिनिटभर थांबलो, कारण बार उशिरानेही उडू शकतो, मग कान सुईने टोकरून बंदूक मातीच्या उंचवट्यावर रिकामी केली.

चुलतभावाला हे सांगितलं तर पोट धरून हसला, म्हणाला आमची डुकरं तुझ्यापुढे नाचतील. मग विचारलं किट कुरिअरने येईल का. नाही येणार म्हटलं, तुला पोलीस घेऊन जातील. त्याच्या भाताचा पंचनामा झालाय, भरपाईची वाट बघतोय.