मेलेला दात आणि मावशीची रद्द झालेली अपॉइंटमेंट

मावशीची खालची दाढ तीन आठवडे ठणकत होती. गरम काही तोंडात घेतलं की कळ थेट कानापर्यंत जायची, रात्री उठून बसायची. डेंटिस्टने एक्स-रे काढून रूट कॅनाल सांगितलं (दात न काढता आतला सडलेला भाग साफ करून तो बंद करणं), गुरुवारची वेळही मिळाली. आणि बुधवारी रात्री तिचा फोन: "अगं, उद्याचं मी रद्द केलं. ठणका आपोआपच थांबला बघ. शिवाय तो मेसेज वाचलास ना ग्रुपवर?"

वाचला होता. वर्षानुवर्षं फिरतोय तो, या खेपेला कुणा 'निवृत्त सर्जन'च्या नावाने आणि खाली हात जोडलेल्या चार इमोजींसह. म्हणणं थोडक्यात असं: रूट कॅनाल केलेला दात म्हणजे शरीरात सांभाळलेलं प्रेत, त्यातलं विष रक्तात उतरतं. कॅन्सरने मरणाऱ्यांपैकी ९७ टक्के लोकांचं रूट कॅनाल झालेलं असतं. प्रत्येक दात एकेका अवयवाला जोडलेला असतो. एक्स-रे घातक, उपचार जीवघेणा, त्यापेक्षा दात उपटलेला बरा. आणि शेवटी सल्ला: लवंगतेल लावा, दुखायचं थांबलं की दात बरा झाला समजा, डॉक्टरकडे फिरकू नका.

मी डेंटिस्ट नाही. माझ्या तोंडात रूट कॅनाल केलेल्या दोन दाढा आहेत, आणि पहिलीच्या वेळी असलंच काहीतरी वाचून मी दीड महिना घालवला होता. म्हणून आता गप्प बसवत नाही.

सुरुवात शेवटच्या वाक्यापासून करते, कारण मावशीला घरी बसवलं ते त्याच वाक्याने.

दाताच्या आत एक पोकळी असते आणि तिच्यात पल्प नावाचा मऊ भाग. आपण सरसकट 'नस' म्हणतो, पण त्यात नसांबरोबर रक्तवाहिन्याही असतात, आणि हे सगळं मुळाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांतून आत येतं. कीड तिथपर्यंत पोचली की पल्प सुजतो. बोट सुजलं तर ते बाहेर फुगतं, दातात मात्र चारी बाजूंनी टणक भिंती. सुजायला जागाच नाही, म्हणून तो ठणका. हे असंच चालू राहिलं की पल्प मरतो आणि त्याच्याबरोबर दुखण्याची बातमी देणारी नसही मरते. आलं लक्षात? दुखायचं थांबलं, कारण सांगणारंच कुणी उरलं नाही.

जंतू मात्र आहेत तिथेच. मुळाच्या टोकातून ते जबड्याच्या हाडाकडे सरकतात. एक्स-रेमध्ये मुळाशी काळसर डाग दिसायला लागतो, आणि माणूस महिनोन्‌महिने खुशाल असतो. काहींच्या हिरडीवर बारीक पुटकुळी येते, फुटते, पुन्हा येते. पू बाहेर पडायला वाट मिळाल्यामुळे दुखत नाही, एवढाच तिचा अर्थ. मग एखाद्या सकाळी गाल टम्म सुजलेला. खालच्या दाढांचा संसर्ग जिभेखाली आणि गळ्याकडे उतरू शकतो. सूज जबड्याखाली पसरली, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वास जड वाटायला लागला, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नसते, सरळ हॉस्पिटल गाठायचं असतं. अशा वेळी माणूस दगावूही शकतो. 'डॉक्टरकडे फिरकू नका' लिहिणाऱ्या सर्जनना हे ठाऊक नसेल, तर त्यांनी निवृत्त व्हायला उशीरच केला.

लवंगतेलाबद्दल एवढं कबूल करते: त्यातलं युजेनॉल खरंच बधिरता आणतं, आणि दंतवैद्यकातही ते झिंक ऑक्साइडबरोबर वापरतात. रात्र काढायला ठीक. पण मुळाच्या आत बसलेल्या जंतूंना त्याचा पत्ताही लागत नाही, आणि तेलात भिजलेला बोळा हिरडीवर ठेवून झोपलात तर हिरडी भाजते. अँटिबायोटिकच्या गोळ्यांची तीच कथा. गोळी रक्तातून पोचते. मेलेल्या पल्पमध्ये रक्तच फिरत नसेल तर ती आत जाणार कशी? सूज पसरत असेल, ताप असेल, तर गोळ्या लागतात, पण आतली घाण काढण्याऐवजी नव्हे.

आता ते ९७ टक्के. कुठल्या रुग्णालयातले, किती रुग्ण, कोणी मोजले? मेसेजमध्ये एक अक्षर नाही. घटकाभर धरून चालू की आकडा खरा आहे. वय वाढलं की कॅन्सरचं प्रमाण वाढतं, आणि वय वाढलं की दुरुस्त केलेले दातही वाढतात. त्याच रुग्णांपैकी वाचायचा चष्मा किती जणांना होता हेही मोजा की! रूट कॅनालने कॅन्सर होतो असं दाखवणारा विश्वासार्ह पुरावा नाही.

गंमत म्हणजे या विषयात खरोखरचा ९७चा आकडा आहे, फक्त तो भलतंच सांगतो. २००४ साली 'जर्नल ऑफ एंडोडॉन्टिक्स'मध्ये अमेरिकेतल्या विमा नोंदींवरचा एक मोठा अभ्यास छापून आला. रूट कॅनाल केलेले १४,६२,९३६ दात, ११ लाखांहून जास्त रुग्ण. आठ वर्षांनी त्यातले ९७ टक्के दात तोंडात जागेवर होते. नीट वाचायचं तर 'जागेवर' म्हणजे 'पूर्ण बरा' असं नाही. विम्याच्या नोंदीत एक्स-रे दिसत नाही, तेव्हा काहींच्या मुळाशी थोडं काही राहिलंही असेल. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त कामाची वाटते: जे दात काढावे लागले, त्यांतल्या ८५ टक्के दातांवर पूर्ण कॅप नव्हती. रूट कॅनाल झालं, दुखायचं थांबलं, कॅपचं बघू पुढे... हे म्हणणारे आपणच. आधीच किडीने पोखरलेली आणि वरून कोरलेली दाढ चावताना उभी चिरते, आणि मूळच चिरलं की बहुतेक वेळा ती काढण्यावाचून इलाज राहत नाही.

'विष रक्तात उतरतं' ही कल्पना शंभर वर्षांपूर्वीची. वेस्टन प्राइस नावाच्या अमेरिकन डेंटिस्टने रूट कॅनाल केलेले दात काढून सशांच्या कातडीखाली बसवले, ससे आजारी पडले, आणि १९२३ मध्ये त्याने ते सगळं प्रसिद्ध केलं. तोंडातून उपटताना दात जंतूंनी माखतो, त्या माखलेल्या दाताने ससा आजारी पडणार नाही तर काय होईल? नंतर काटेकोरपणे केलेल्या प्रयोगांत त्याचं म्हणणं टिकलं नाही. पण तोवर त्या विचारापायी असंख्य लोकांचे वाचवता येण्याजोगे दात उपटले गेले होते. उलट १९६५ मध्ये उंदरांवरचा एक नेमका प्रयोग झाला. दातांचा पल्प उघडा पाडला. साध्या उंदरांमध्ये तो सडला, पूर्णपणे जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये सडला नाही. म्हणजे दोष जंतूंचा, आणि रूट कॅनाल म्हणजे तेच जंतू काढणं. रबरी पडदा लावून दात वेगळा करतात, मुळातल्या नळ्या बारीक फाइलींनी घासतात, सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने धुतात, मग गट्टापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ आणि सिमेंट भरून बंद करतात. खालच्या दाढेत अशा नळ्या बहुधा तीन, कधी चार.

इथे अर्धसत्य आहे आणि ते मान्य करायला हवं, थोडं जिवावर येऊन का होईना. एकूण एक जंतू निघत नाहीत. नळ्यांना सूक्ष्म फाटे असतात, तिथे फाइल जात नाही. उरलेले कोंडले जातात, त्यांचं खाणं तुटतं, आणि बहुतेक वेळा शरीर पुढचं बघून घेतं. काही वेळा नाही. मग पुन्हा उपचार करावा लागतो किंवा मुळाचं टोक कापावं लागतं. गरज नसताना रूट कॅनाल सांगितलं जातं हेही कधीकधी घडतं. थंड लागून क्षणभरच कळ येत असेल, तर पल्प वाचण्याजोगा असू शकतो. तेव्हा 'थंड लावून बघितलंत का, ठोकून बघितलंत का, एक्स-रेमध्ये काय दिसतंय' हे विचारायचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. विचारा. पण शंका घेणं वेगळं आणि सर्जनच्या नावावर धमकावणं वेगळं.

'मेलेला दात म्हणजे प्रेत' हे ऐकायला भीषण आहे खरं. पण तुमच्या धडधाकट दाताच्या इनॅमलमध्येही, म्हणजे बाहेरच्या टणक कवचातही, एक जिवंत पेशी नसते. आणि रूट कॅनाल झालेल्या दाताचं मूळ बाहेरून जिवंत तंतूंनी हाडाला बांधलेलंच असतं. म्हणून तर त्या दाताखाली खडा आला की कळतं.

दात-अवयवांच्या तक्त्यावर मी वेळ घालवणार नाही. समोरचे दात म्हणे मूत्रपिंडाचे. दुधाचे दात पडतात तेव्हा मुलांच्या मूत्रपिंडांचं काय होतं ते तक्ता सांगत नाही. दाताच्या एका छोट्या एक्स-रेचं रेडिएशन साधारणपणे आपण एका दिवसात निसर्गातून घेतो तेवढंच. दुखण्याचं म्हणाल तर भूल देतात. सुजलेल्या खालच्या दाढेला भूल कधीकधी पटकन चढत नाही हे खरं, मला दुसरं इंजेक्शन लागलं होतं. हात वर करायचा, ते थांबतात.

आणि दात उपटणं 'सुरक्षित'? उपटतानाही जंतू रक्तात जातात, बरेचदा रूट कॅनालपेक्षा जास्त. शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात, वरच्या-खालच्या जोडीतला दुसरा दात त्या जागेकडे लांबतो, तिथलं हाड झिजतं. दात वाचण्यासारखाच नसेल तर काढावाच लागतो, ती गोष्ट वेगळी.

हे सगळं मावशीला फोनवर सांगितलं, निम्मं ओरडून. सोमवारची वेळ घेतली, मी सोबत गेले. डेंटिस्टने कापसाच्या बोळ्यावर थंड फवारा मारला आणि आधी शेजारच्या दाढेला लावला. मावशी खुर्चीत दचकली. मग त्या दाढेला लावला. धरून ठेवला. मावशी छताकडे बघत वाट पाहत राहिली, आणि शेवटी माझ्याकडे मान वळवून म्हणाली, "म्हणजे बुधवारी थांबलं, तेव्हाच गेली होती का गं ही?"