रशियाच्या सोयुझ अंतराळयानाच्या 2008च्या लँडिंगबद्दल खुलासा

कोथरूडच्या आपल्या सोसायटी ग्रुपवर काल मी मेसेज टाकला होता: ‘2008 मध्ये सोयुझ भरकटलं, तिन्ही अंतराळवीर गेले, बातमी दाबली.’ तो चुकीचा आहे. न तपासता टाकला, माफ करा.

यान भरकटलं हे खरं. 19 एप्रिल 2008 रोजी सोयुझ टीएमए-11चा उपकरणांचा भाग वेळेवर सुटलाच नाही. यान तीव्र उतारानं खाली आलं आणि ठरल्या जागेच्या 400 किमीहून जास्त अलीकडे, कझाकस्तानच्या माळावर आदळलं. शरीरावर वजनाच्या आठपट भार, बाहेर गवत पेटलेलं. पण पेगी व्हिटसन, युरी मालेन्चेन्को आणि यी सो-यन तिघंही वाचले. यी यांच्या पाठीला मात्र इजा झाली. व्हिटसन तर 2016 मध्ये पुन्हा अंतराळ स्थानकावर गेल्या! आणि बातमी तेव्हाच जगभर छापून आली होती.

मी मेसेज डिलीट केलाय. तुम्ही तो पुढे पाठवला असेल तर थांबवा, आणि तिथे कृपया हा खुलासा टाका.