ठेंगणं म्हणजे वाढ थांबलेलं नव्हे

‘ठेंगणे सूचिपर्णी वृक्ष एकदा लावले की उंची कायम तेवढीच राहते’ हे लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. ही झाडं वाढायची थांबत नाहीत, फक्त सावकाश वाढतात. अमेरिकन कॉनिफर सोसायटीच्या वर्गवारीत ‘ड्वार्फ’ म्हणजे वर्षाला १ ते ६ इंच वाढणारं झाड. नर्सरीच्या लेबलवरची उंचीही बहुधा दहा वर्षांनंतरची असते. तिच्यावर विसंबून खिडकीखाली लावलं की पुढे पंचाईत, कारण बहुतेक सूचिपर्णी जुन्या, उघड्या लाकडापर्यंत छाटले तर पुन्हा फुटत नाहीत.

आणि ठेंगण्या झाडातून परत मूळच्या उंच रूपावर जाणाऱ्या फांदीचा लेखात उल्लेखच नाही! आमच्या न्यू जर्सीच्या अंगणात ड्वार्फ अल्बर्टा स्प्रूस आहे. १९०४ मध्ये कॅनडात सापडलेलं हे व्हाइट स्प्रूस या उंच सूचिपर्णीचंच ठेंगणं रूप. त्यात मधूनच एखादी फांदी वेगळी निघते: सुया लांब, विरळ, आणि वाढ अशी की बघता बघता शेंड्याच्या वर जाते. ती दिसताक्षणी बुडापासून कापायची, नाहीतर सगळं झाड तीच व्यापते. शिवाय वसंतात आणि पानगळीच्या दिवसांत पांढऱ्या कागदावर फांदी झटकून कोळी कीड पडते का तेही बघत जा.