कालवड, व्हाया गोरेगाव

मी गोरेगावला राहतो आणि आरे कॉलनी माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. एवढ्या भांडवलावर संगमनेरच्या मामांनी मला जनावरांतला जाणकार ठरवलं आहे. आरे १९४९ साली म्हशींसाठी वसली हे खरं. पण त्या म्हशींशी माझा संबंध दुधाच्या पिशवीपुरता, हे मामांना पटत नाही.

यंदा त्यांच्या गोठ्यात संकरित कालवडी चार आणि वैरण दोघींपुरती. कोणत्या ठेवायच्या? खरं तर हे सांगायला त्यांचा मुलगा आहे. व्हेटर्नरी शिकून तो अमेरिकेत, नेब्रास्कातल्या एका रँचवर लागलाय. पण आपला दिवस ती त्याची रात्र, आणि बापलेकाचं फोनवर जेवलास का, जेवलो, याच्या पुढे जात नाही. म्हणून सगळा कारभार माझ्यामार्फत, तोही लोकलमध्ये.

त्यातली मेख अशी, की त्या रँचवर धार काढतच नाहीत. तिथल्या अँगस गायी मांसासाठी पाळलेल्या. "लई मोठा गोठा हाय" एवढंच नातेवाइकांत माहीत आहे, आणि दूध कुठल्या डेअरीला जातं हे अजून कोणी विचारलेलं नाही.

"तिकडं कसं निवडत्यात, इचार," मामा म्हणाले. विचारलं. भावाने लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला. हंगामात आधी जन्मलेली घ्यायची, कारण तिच्या आईने वेळेत गाभ धरलेला असतो आणि फळवायच्या, म्हणजे गाभण करायच्या वेळेला ही अंगाने भरलेली असते. चौदा-पंधरा महिन्यांची झाली की फळवायची, म्हणजे दोन वर्षांची होताना व्यायला हवी. फळवताना वजन मोठ्या गायीच्या ६५ टक्के तरी हवं. गोऱ्ह्यासोबत जुळी जन्मलेली असेल तर विषय बंद, शंभरातल्या नव्वदहून जास्त वांझ निघतात.

"हे माझ्या आज्यालाबी ठावं व्हतं," मामा म्हणाले. चारातली एक तिथेच गळाली.

मग वजनं. मामांकडे काटा नाही, मामींच्या शिलाई मशीनची टेप आहे. छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले लांबी, भागिले ३००, की पौंड येतात. हा हिशेब मी अंधेरी ते दादर उभ्याने केला. मामा पलीकडून ओरडत होते आणि डब्यातल्या गोंगाटात मला तेच मोठ्याने परत म्हणून खात्री करावी लागत होती. "छाती अठ्ठावन्न? लांबी बावन्न?" आजूबाजूच्या माना वळल्या. उत्तर आलं २६५ किलो. शेजारच्या काकांनी अदबीने विचारलं, "ब्लाउज शिवता का तुम्ही?"

इथवर निभावलं. पण मेसेजच्या शेवटी भाऊ म्हणतो, "आणि फार दुधाळ आईची नको. तिला खायला जास्त लागतं, माळावर चरून अंगाने खंगते, मग पुन्हा वेळेत गाभ धरत नाही. वासराला पुरेल एवढं दूध बास."

बावीस लिटरच्या गायीवर कर्ज फेडणाऱ्या माणसाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी सांगितलं, "आईचं दूध बघायचं म्हणतो." खोटं नव्हतं.

"मग? त्यो काय नवीन सांगतो?"

स्वभावाबद्दल मात्र दोन्ही खंडांचं एकमत झालं. माणूस दिसला की उधळणारी नकोच, मग आई कितीही दुधाची असो. माझंही हेच मत, पण ते कोणी विचारलं नव्हतं. मामींनी एकीला आधीच हाताने भाकरी खायची सवय लावली होती, ती राहिली. उरलेल्या दोघींपैकी एक डॉक्टरांच्या पिशवीला शिंगं लावून मोकळी झाली, त्यामुळे दुसरीची निवड आपोआप झाली. पौंड, वर्ग, टक्के सगळं माझ्या मोबाइलमध्ये पडून आहे.

काल मामांचा फोन. "त्याला म्हणावं, धार काढतानाचा एक व्हिडिओ टाक. मशीन कंची हाय ते बघू."

मी निरोप पुढे ढकलला. तासाभराने भावाने गोठ्याऐवजी बर्फाचा फोटो पाठवला, तो मी तसाच मामांना दिला. त्यांनी बराच वेळ पाहिला असावा.

"एवढ्या थंडीत," मामा म्हणाले, "सड फुटत नसतील का रं?"